सरकती गाठ

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

श्रोतेहो, माझ्या टेबलाच्या खणात बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. त्यात नायलॉनच्या दोरीची एक गुंडाळी, शिशाचे चार तुकडे, रबरी चपलेच्या टाचेतून कापलेला एक बोया आणि काळ्या पोतीचे आठ-दहा मणी आहेत. दोरीवर लाल लोकरीची एक बारीक गाठ आहे. बोटं ओली करून ती ओढली की दोरीवरून सरकते आणि सोडली की आहे तिथंच घट्ट बसते. आज मी या गाठीविषयीच बोलणार आहे. इतक्या लहान वस्तूला कसला आलाय इतिहास, असं आपल्याला वाटेल. मलाही पुष्कळ वर्षं तसंच वाटत होतं, आणि इतिहास शिकवणं हा तर माझा पोटापाण्याचा धंदा होता.

मी मूळचा सातारा जिल्ह्यातला. १९८१ साली शाळेत नोकरी लागली म्हणून वाशीला राहायला आलो. ठाणे खाडीवरचा पहिला पूल १९७३ साली सुरू झाला होता, पण रेल्वे यायला अजून अकरा वर्षं होती. ‘सिडको’ची स्थापना १९७० ची. नवी मुंबई म्हणजे तेव्हा थोड्या इमारती, पुष्कळसे मोकळे रस्ते आणि या सगळ्याच्या आधीपासून तिथं असलेली आगरी-कोळ्यांची गावं. संध्याकाळी मी वाशीगावाच्या बाजूला खाडीकाठी फिरायला जाई. तिथं एक वृद्ध गृहस्थ गळ टाकून बसलेले असत. एके काळी त्यांची स्वतःची होडी होती, म्हणून सगळे त्यांना नाखवा म्हणत. मीही तेच म्हणू लागलो आणि ते मला मास्तर म्हणू लागले.

घाटावर विहिरीत नाहीतर ओढ्यात गळ टाकलेला माणूस मी. काठी, दोरी, दोरीला बांधलेला बोरूचा तुकडा आणि खाली गळ, एवढंच मला ठाऊक. तेच सामान घेऊन मी नाखव्यांच्या शेजारी बसलो. पहिला तास बरा गेला. दुसऱ्या तासाला माझा बोया पाण्यावर उगाच डोलत राहिला आणि नाखव्यांनी दोन शिंगाळे काढले. मी आमिष बदललं, जागा बदलली. शेवटी त्यांनाच माझी दया आली. ते म्हणाले, ‘‘पानी आपल्यासाठी थांबतं का, मास्तर? मंग दोरी बी थांबून चालनार नाय.’’

त्यांच्या बोलण्याचा अर्थ असा. विहिरीचं पाणी एका पातळीवर असतं. बोया गळापासून चार हातांवर बांधला, तर गळ दिवसभर चार हात खोल राहतो. खाडीचं तसं नाही. मुंबईच्या किनाऱ्यावर दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी होते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असतं, तेव्हा पाणी चार-साडेचार मीटर वर-खाली होतं. अष्टमीच्या सुमारास चढउतार सर्वांत कमी, त्याला कोळी भांग म्हणतात. उधाणाच्या दिवशी भरतीच्या मधल्या दोन तासांत पाणी तासाला मीटरभर किंवा त्याहूनही जास्त चढतं. म्हणजे पाच वाजता तळाच्या जरा वर सोडलेला गळ सहा वाजता तळापासून आणखी मीटरभर वर लोंबकळत असतो. तळाशी चरणाऱ्या शिंगाळ्याला तो दिसणार कसा? मासा असतो तिथंच असतो. आपला गळ मात्र आपल्या नकळत तिथून उचलला जातो.

भरतीची वेळ काढायचं कोकणातलं गणित सोपं आहे. तिथीची पाऊणपट करायची. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सहाच्या सुमारास. चतुर्थीला तीनच्या सुमारास. नाखव्यांना शाळा फारशी लाभली नव्हती, पण पंचांगात न बघता ते ही वेळ सांगत. पाणी किती वाजता किती चढणार हे ज्याला कळतं, त्याला गळाची खोलीही पाण्याबरोबर बदलता यायला हवी. ही सरकती गाठ त्यासाठीच आहे.

तिची रचना सांगतो. बोयाला आरपार भोक असतं आणि मुख्य दोरी त्यातून मोकळी सरकते. फेकताना बोया खाली शिशापाशी येऊन बसतो, त्यामुळे लांब फेकता येतं. पाण्यात पडल्यावर शिसं तळाकडे निघतं आणि बोयामधून दोरी खेचली जाते. दोरीवरची लोकरीची गाठ बोयापाशी आली की तिथं अडते आणि गळ नेमक्या तेवढ्या खोलीवर थांबतो. गाठ बोयाच्या भोकात शिरू नये म्हणून दोघांच्या मध्ये एक काळा मणी. पाणी चढलं की दोरी आत घ्यायची, गाठ हातभर वर सरकवायची आणि पुन्हा फेकायची. गाठ इतकी लहान की काठीच्या कड्यांतून ती अडखळल्याशिवाय जाते.

समुद्राच्या गळाला अशाच गाठींचा आणखी एक उपयोग. मुख्य दोरीला बाजूच्या फांदीसारखी एक आखूड दोरी जोडायची आणि तिच्या टोकाला दुसरा गळ लावायचा. ही फांदी दोन मण्यांमध्ये आणि ते मणी दोन सरकत्या गाठींमध्ये. तळाशी शिंगाळा, जरा वर जिताडा. दोन्ही गाठी सरकवल्या की फांदी हवी तिथं नेता येते. जागोजागी पक्क्या गाठी मारल्या तर दर वेळी दोरी कापावी लागते, आणि प्रत्येक पक्क्या गाठीपाशी दोरी थोडी दुबळी होते ती वेगळीच.

गळाची कला आपल्याकडे किती जुनी आहे, याचा एक पुरावा मला शाळेच्या वाचनातच सापडला. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने इसवी सन ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. हे कल्याणी म्हणजे आपल्या जवळचं कल्याण नव्हे, तर बिदर जिल्ह्यातलं आजचं बसवकल्याण. राजाने कोणकोणत्या करमणुकी कराव्यात हे सांगताना त्यात ‘मत्स्यविनोद’ नावाचं प्रकरण येतं. समुद्रातले आणि नदीतले मासे कोणते, कोणत्या माशाला कोणतं आमिष लावावं, गळाने तो कसा धरावा, हे सारं त्यात सांगितलं आहे. प्रसिद्ध मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५० च्या सुमारास या प्रकरणाचा अभ्यास करून ते आधुनिक अभ्यासकांच्या नजरेस आणलं. मराठीचे अभ्यासक हा ग्रंथ वेगळ्याच कारणासाठी उघडतात. जुन्या मराठीच्या काही ओळी त्यात आहेत आणि त्या मत्स्यावताराच्या स्तुतीच्या आहेत. एकाच पोथीत मराठीचे बोबडे बोलही आहेत आणि गळाची विद्याही, याची मला फार गंमत वाटते.

पण राजाचा गळ हा विनोद होता, म्हणजे खेळ. किनाऱ्यावरच्या माणसाचा गळ ही संध्याकाळची भाजी. मालवणकडे गळाने मासे धरण्याला ‘गरवणे’ असं स्वतंत्र क्रियापदच आहे. ज्या कामासाठी भाषा खास शब्द घडवते, ते काम नित्याचंच असलं पाहिजे. आमच्या खाडीत मुख्य मासेमारी जाळ्यांची. डोल, पाग, भोकशी ही तिथली नावं. १८८२ साली प्रसिद्ध झालेल्या ठाणे जिल्ह्याच्या इंग्रजी गॅझेटियरात इथल्या माशांची आणि जाळ्यांची माहिती येते. गळ हा म्हातारे, पोरं आणि होडी नसलेल्यांचा. त्यामुळे त्याची दखल कागदावर फारशी कुणी घेतली नाही.

पूर्वी दोरी सुताची किंवा तागाची असे. ती कुजू नये म्हणून झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवून काढत. अशी दोरी खरखरीत असते, तिच्यावर चिंधीची साधी गाठसुद्धा चिकटून बसते. मग नायलॉन आलं. अमेरिकेतल्या ड्यू पाँट कंपनीत वॉलेस कॅरोदर्स या रसायनशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९३५ साली ते तयार केलं आणि १९३८ साली कंपनीने ते जाहीर केलं. बायकांच्या पायमोज्यांमुळे ते गाजलं, पण मासेमारीतही त्याने क्रांती केली. आपल्याकडे १९५७ साली कोचीनला केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्था स्थापन झाली, जाळी आणि होड्या यांवर तिथं संशोधन सुरू झालं आणि पुढच्या काळात सुताची जागा नायलॉनने घेतली. नायलॉन कुजत नाही आणि एकेरी तंतू पाण्यात जवळजवळ दिसत नाही. अडचण एकच होती. ते गुळगुळीत असतं, त्यामुळे जुन्या गाठी त्यावरून घसरू लागल्या.

नाखव्यांच्या पिढीने यावर काय काय करून पाहिलं, ते त्यांच्याकडून ऐकण्यासारखं होतं. सायकलच्या चाकाची व्हॉल्व्ह ट्यूब आपल्याला आठवत असेल. तिचा दाण्याएवढा तुकडा दोरीत ओवला की तो दोरीला धरून राही. पण उन्हाने आणि खाऱ्या पाण्याने रबर महिन्याभरात चिरे. मग टेलिफोनच्या तारेचं रंगीत आवरण आलं. तांबं काढून टाकायचं आणि उरलेली नळी वापरायची. ती टिके, पण गारठ्यात कडक होऊन घसरे. शेवटी लोकरीची किंवा जाड सुताची गाठच खरी ठरली. नवीन दोरीवर जुनं सूत बसलं.

गाठ अशी मारायची. वीतभर लोकर मुख्य दोरीला समांतर धरायची. तिचं एक टोक मागे वळवून फासा करायचा. तेच टोक फाशाच्या आतून, दोरी आणि लोकर दोन्हींना मिळून पाच-सहा वेढे द्यायचे. मग थुंकीने ओलं करून दोन्ही टोकं हळूहळू ओढायची. वेढे एकमेकांशेजारी नीट बसले पाहिजेत, एकावर एक चढता कामा नयेत. टोकं थोडी लांब ठेवून कापायची. ओलं करायला विसरलात तर पुढे गाठ सरकवताना घर्षणाच्या उष्णतेने नायलॉन दुखावतं. पहिल्या दिवशी माझी गाठ बोयासकट शिशापर्यंत घसरली होती. मी तीनच वेढे दिले होते.

तीन वेढ्यांनी घसरते आणि सहांनी धरते, असं का? वेढ्यागणिक पकड नुसती वाढत नाही, गुणाकाराने वाढते. लिओनार्ड ऑयलर या स्विस गणितज्ञाने अठराव्या शतकात याचं गणित मांडलं. जेट्टीवरच्या खुंटाला दोराचे तीन-चार वेढे दिले की भलीमोठी होडी पोरगाही एका हाताने धरून ठेवतो, तेच हे तत्त्व. कार्ल प्रुसिक या ऑस्ट्रियन गिर्यारोहकाने १९३१ साली जी गाठ प्रसिद्ध केली आणि आपल्या सह्याद्रीतले गिर्यारोहकही जी वापरतात, तीही याच कुळातली. मोकळी असली की सरकते, भार आला की धरते. इंग्लंडात ट्रेंट नदीकाठच्या नॉटिंगहॅमचे गळकरी सरकत्या बोयासाठी प्रसिद्ध होते. त्यांची नाखव्यांशी गाठ पडण्याचं कारण नव्हतं. खोल पाणी आणि आखूड काठी ही अडचण दोघांची सारखी होती, म्हणून उत्तरही सारखं निघालं.

आणखी एक गोष्ट नाखवा आवर्जून सांगत. या गाठीला माशाचं वजन पेलायचं नसतं. मासा ओढतो तो मुख्य दोरीला. गाठीने फक्त बोया अडवायचा. म्हणून ती लोकरीची चालते. तिच्याकडून जास्त मागितलं तर ती हरणार आणि जेवढं तिचं काम तेवढंच मागितलं तर वर्षभर टिकणार.

आता ज्यासाठी हा विषय घेतला, त्याकडे येतो. नाखव्यांच्या दोरीवर सरकत्या गाठीखेरीज दर वावेवर काळ्या सुताची एकेक पक्की खूण होती. वाव म्हणजे दोन्ही हात पसरले की होणारी लांबी, साधारण सहा फूट. लाल गाठ कितव्या काळ्या खुणेपाशी आहे ते पाहिलं की त्या जागी, त्या तिथीला, त्या घटकेला पाणी किती हे कळे. अमावास्येच्या भरतीला कांदळवनाच्या कडेला तीन वाव पाणी, असं ते मला १९८३ साली दाखवत. १९९० च्या सुमारास तिथंच लाल गाठ अडीच वावेपर्यंत खाली आली होती. १९९७ साली खाडीवरचा दुसरा पूल सुरू झाला, त्या वर्षी ती दोन वावेच्याही खाली होती. ‘‘गाल चढतोय मास्तर,’’ ते म्हणत. गाळ म्हणायचं होतं त्यांना. भराव, पूल, शहराचं सांडपाणी यांनी खाडीचा प्रवाह बदलत होता आणि त्यांच्या दोरीवर ते दिसत होतं.

ते मला दोन-तीनदा म्हणाले होते, ‘‘तुमी लिवनारे मानूस. हे जरा लिवून ठेवा.’’ मी हो म्हणायचो. सुट्टीत लिहू, निवृत्तीनंतर लिहू. वर्गात मुलांना मी सांगत असे की इतिहास साधनांवर उभा असतो आणि साधन म्हणजे केवळ ताम्रपट नव्हे. आणि माझ्याशेजारी बसलेलं साधन रोज माझ्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी खात होतं. १९९९ च्या पावसाळ्यात नाखवा गेले. त्यांच्या मुलाने मला ही दोरी दिली. लाल गाठ अजून होती, पण ती कोणत्या दिवशी, कोणत्या जागी लावलेली होती हे सांगणारं कुणी उरलं नव्हतं. सरकती गाठ ही मुळात त्या दिवसापुरतीच असते. ती कुठं होती हे कुणी लिहिलं नाही तर ती काहीच सांगत नाही.

याची किंमत मला पुढे कळली. विकासकामांमुळे आपली मासेमारी गेली, असं किनाऱ्यावरच्या माणसांना न्यायालयात सिद्ध करावं लागतं. २०१५ साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने उरण परिसरातल्या १६३० मच्छीमार कुटुंबांना ९५ कोटी १९ लाख रुपयांची भरपाई देण्याचा आदेश दिला. बंदराच्या विस्तारासंबंधीचं ते प्रकरण होतं. २०२१ साली वाशीच्या तिसऱ्या पुलाच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने बाधित मच्छीमारांच्या भरपाईचं धोरण ठरवायला सांगितलं. मासेमारी हा त्यांच्या उपजीविकेचा हक्क आहे, ही बाब अशा निर्णयांतून पुढे आली. पण हक्क मान्य झाला तरी नुकसान किती, हा प्रश्न उरतोच. पूर्वी कुठं किती पाणी होतं? कोणता मासा कोणत्या महिन्यात लागत होता? त्या सुमारास गावातली दोन मुलं माझ्याकडे आली. त्यांतला एक माझा विद्यार्थी. ‘‘सर, तुम्ही आजोबांबरोबर इतकी वर्षं बसायचात. काही लिहिलेलं आहे का?’’

मी त्यांना डबा दाखवला. आठवतं तेवढं सांगितलं, सही करून लिहूनही दिलं. पण वीस-पंचवीस वर्षांनंतरच्या आठवणीला पुरावा म्हणून किती वजन असतं, ते मला इतिहासाचा शिक्षक म्हणून चांगलं ठाऊक होतं. तारीख, तिथी, जागा आणि वाव, एवढ्या चार रकान्यांची एक शंभर पानी वही पुरली असती. त्या काळी ती दोन-तीन रुपयांना मिळत होती.

आता त्या मुलांनी वही घातली आहे. दर अमावास्या-पौर्णिमेला दोन ठरलेल्या जागी ते दोरी सोडतात आणि आकडा लिहितात. दोरीची गाठ मीच त्यांना शिकवली, सहा वेढ्यांची. दुसरीही एक गोष्ट शिकवली. तुटलेलं नायलॉन कांदळवनात टाकायचं नाही, खिशात घालून घरी आणायचं. जे कुजत नाही म्हणून आपण स्वीकारलं, ते तिथंही कुजत नाही आणि पक्ष्यांच्या पायांत अडकतं. पलीकडच्या काठचं ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ साली जाहीर झालं आणि २०२२ साली त्याला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. पक्ष्यांची गणना होते, नोंदी राहतात, ही चांगलीच गोष्ट आहे. खाडीकाठच्या माणसांच्या नोंदीही तितक्याच नेमाने राहायला हव्यात.

श्रोतेहो, आपल्याही घरात किंवा शेजारी असं एखादं माणूस असेल. विहिरीचं पाणी किती हातांवर होतं, नांगर कोणत्या खुणेवर धरायचा, जात्याचा खुंटा किती ठोकायचा हे त्याच्या हातात असेल. त्याच्याकडून ते शिका, हे तर मी म्हणेनच. पण शिकताना हातात वही असू द्या आणि पानाच्या वरच्या कोपऱ्यात त्या दिवसाची तारीख घालायला विसरू नका.